पायाळू जाऊ

माझी धाकटी जाऊ पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना तिचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. मी चारचौघांसारखी डोक्याकडून जन्मले, आणि त्या कर्तबगारीसाठी आजवर एकही माणूस नारळ घेऊन माझ्या दारात आलेला नाही.

तिच्या दारात येतात. कुणाची कंबर धरली, पाठीत उसण भरली, पाय मुरगळला, की तो माणूस आमच्या खालच्या मजल्यावर सतरंजीवर पालथा पडतो आणि माझी जाऊ दुखऱ्या जागेवरून आपला पाय हलकेच फिरवते. मग कोमट तेल लावून थोडं चोळते. माणूस उठतो, इकडेतिकडे वळून बघतो आणि म्हणतो, उतरलं. आमचं घर जुळे सोलापुरात. आसपास सगळे शिकलेले, पगारदार. ते दवाखान्यात गाडीवरून उघड जातात आणि तिच्याकडे येताना इकडेतिकडे बघत पायी येतात. पण येतात. एका रविवारी मी दूध घ्यायला खाली उतरले तर सतरंजीवर आमच्या विम्याच्या ऑफिसातले साहेब पालथे. माझा रजेचा अर्ज बघून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात ते साहेब माझ्या जावेच्या पायाखाली डोळे मिटून सुखात पडले होते. उठल्यावर मला म्हणाले, जाऊबाईंच्या पायात गुण आहे हो तुमच्या. मी हसले आणि वर जाऊन दूध उतू घालवलं.

खालच्या मजल्यावर ती, धाकटे दीर, त्यांचे दोन मुलगे आणि आमच्या सासूबाई. वर मी, माझा नवरा आणि आमची एकुलती लेक. जाऊ दुधनीची. माहेरी कन्नड, सासरी मराठी, आणि दोन्हीकडे जीभ गोड. तिचे मुलगे तिला कन्नड घरातल्यासारखं अव्वा म्हणतात, म्हणजे आई. मी दिवसभर ऑफिसात, त्यामुळे माझी लेक त्या दोघांबरोबरच जेवली, झोपली, वाढली. तीही काकूला अव्वाच म्हणायला लागली. मला ती मम्मी म्हणते. मी संध्याकाळी दारात दिसले की "मम्मी आली" एवढी बातमी सगळ्यांना द्यायची आणि पुन्हा काकूच्या पदराशी जाऊन बसायची. सासूबाईंना यात मोठी गंमत वाटायची.

मला वाटायची नाही. मी तिच्यावर जळायचे, आणि अजूनही जळते. मी घातलेली वेणी शाळेची घंटा व्हायच्या आत सुटायची, तिनं घातलेली संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी. माझ्या हातची भाकरी लेकीला जाड लागायची. दोघी कन्नडमध्ये काहीतरी बोलून खुदुखुदु हसायच्या आणि मी काय झालं म्हणून विचारलं की लेक म्हणायची, तुला नाही कळणार. ज्या बाईच्या ताटात स्वतःच्या दोन भाकरी आहेत तिनं माझ्या ताटातली एक कशाला घ्यावी, असं मला वाटायचं. ती घेत नव्हती, हेही मला दिसत होतं. पोरगी आपल्या पायानं उठून जात होती, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

लेक पहिलीत होती त्या वर्षीची गोष्ट. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली होती आणि शाळेत खेळांच्या स्पर्धा चालू होत्या. पोत्याच्या शर्यतीत ती पडली. खरचटलंही नाही, उठून तिनं शर्यत पुरी केली. त्याच्या थोडं आधी तिच्या कोपरावर गळू झालं होतं, पण ते फुटून वाळूनही गेलं होतं आणि आम्ही विसरलो होतो. शनिवारी संध्याकाळी ती जरा लंगडायला लागली. रविवारी सकाळी पाऊल जमिनीला टेकवेना. गुडघ्याच्या खाली दुखतंय म्हणाली. अंग कोमट होतं, पण उन्हात खेळलेल्या पोराचं असतंच.

सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला. त्या मंद्रूपच्या, त्यांचं बोलणं अजून तिकडचंच. "लचक हाय ती. धाकटी पाय लावंल, उतरंल." कुणालाच यात शंका नव्हती. मला तरी कुठं होती? पोर पडली होती, पाय दुखत होता, आणि ज्या घरात अख्खी वसाहत पाय लावून घ्यायला येते त्याच घरात ती राहत होती. मी चहा घेऊन खाली उतरले तेव्हा सतरंजी अंथरून झाली होती. जाऊ गॅसवरून तेलाची वाटी उतरवत होती. लेक पालथी पडली होती आणि तिचा चेहरा घामेजला होता. मी जवळ बसले तर ती मला म्हणाली, "मम्मी, तू जा. अव्वा करणार आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता काय होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. ही पाय फिरवणार, पोरगी उठून उड्या मारणार, आणि माझा पाय अव्वानं बरा केला म्हणून शाळेत, नातेवाइकांत, स्वतःच्या लग्नातसुद्धा सांगत सुटणार. आजार मला दिसला नव्हता. मला फक्त जावेचा तो गोरा, स्वच्छ, जोडवी घातलेला पाय दिसत होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, पाय लावायचा नाही. मी हिला डॉक्टरकडे नेतेय.

घरात पायाळू असताना लचकीला डॉक्टर, असं म्हणून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघू की. जाऊ वाटी हातात धरून तशीच उभी होती. "अक्का, नुस्ता पाय फिरवते की," ती म्हणाली. "जोर लावनार न्हाय." तिच्या आवाजात खोट नव्हती, आणि तेच मला सोसवत नव्हतं. मी पोरीला उचललं. ती किंचाळली. काकूपासून तोडली म्हणून किंचाळली असं समजून मी आणखी चिडले आणि रिक्षा बोलावली.

विजापूर रोडला लागेपर्यंत पोर माझ्या मांडीवर तव्यासारखी तापली होती. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घराखालीच, त्यामुळे रविवार असून भेटले. त्यांनी तिचा गुडघा हलकेच हलवून पाहिला, घोटा पाहिला, आणि मग नडगीवर गुडघ्याच्या किंचित खाली एका जागी नुसतं बोट टेकवलं. ती अशी ओरडली की बाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले. डॉक्टरांनी बोट उचललं आणि हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला.

हाडांच्या हॉस्पिटलात आधी एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ. हाड कुठं मोडलेलं नाही, चिरलेलं नाही. बाकावर बसून मी तो काळा कागद बघत होते, आणि मनात पहिला विचार काय यावा? आता घरी गेल्यावर सगळे हसणार. नवरा म्हणणार, सांगितलं होतं. आणि सतरंजी पुन्हा अंथरली जाणार. पोर तापानं फणफणली होती आणि मी मनातल्या मनात जावेशी भांडत होते.

डॉक्टर आत घेऊन गेले आणि त्यांनी शांतपणे समजावलं. लहान मुलांच्या हाडाला वाढणारं टोक असतं. तिथं रक्त हळू वाहतं. अंगावर कुठं गळू-बिळू झालं असेल तर त्यातले जंतू रक्तातून येऊन तिथं घर करतात आणि हाडाच्या आत पू धरतो. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, आणि लोक त्यालाच फसतात. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, एमआरआय काढायला लावला. संशय खरा होता. गुडघ्याखाली हाडाच्या वाढत्या टोकाला लागूनच पू झाला होता. आजच हाडाला भोक पाडून तो काढावा लागेल, मग शिरेतून औषधं, मग बरेच आठवडे गोळ्या. मी विचारलं, पाय वाचेल ना? ते म्हणाले, वाचेल असं वाटतंय. पण वाढीची जागा इतकी जवळ आहे की तिला धक्का लागला असेल तर हा पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहू शकतो. ते आत्ता सांगता येणार नाही, वर्षभरानं कळेल.

तोपर्यंत घरची मंडळी येऊन पोचली होती. जाऊ दाराशी डबा धरून उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, "चोळलं-बिळलं नाही ना कुणी?" नाही, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. ते म्हणाले, नशीब. बहुतेक पोरं लचक समजून चोळून-शेकून आठवड्यानं आमच्याकडे येतात, तोवर आतलं हाड मेलेलं असतं. आणि माझ्या नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, लगेच आणायचं कुणी ठरवलं? त्यानं माझ्याकडे बोट केलं. मी जावेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोर ऑपरेशनला जाणार होती, तिचा पाय पणाला लागला होता, आणि त्यातही तो चेहरा बघून मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. शुद्धीवर येताना लेकीनं हाक मारली ती अव्वाला. वॉर्डात पेशंटजवळ एकानंच थांबायचं असा नियम होता. तो नियम मी केला नव्हता, पण इतक्या आनंदानं मी दुसरा कुठला नियम पाळल्याचं आठवत नाही. पास माझ्या गळ्यात. जाऊ रोज डबा घेऊन यायची, खाली वॉचमनकडे द्यायची आणि जायची. ज्वारीची मऊ भाकरी, वरणाचं पाणी, लेकीला आवडते म्हणून शेंगांची चटणी. लेक दोन घास खायची आणि विचारायची, ही भाकरी अव्वानं केली ना? मग ती कुठाय?

सुई टोचायला सिस्टर आली की ती हातपाय झाडायची. पाय प्लास्टरच्या पट्टीत बांधलेला, तो अजिबात हलायला नको होता. मी गोष्टी सांगून पाहिल्या, रागावून पाहिलं, मोबाइल देऊन पाहिला. "अव्वाला बोलव," एवढंच ती म्हणायची. आणि ताप काही उतरेना. ऑपरेशन झालं, पू निघाला, औषध चालू होतं, तरी दुपार झाली की अंग पुन्हा तापायचं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी दिसायला लागली. पूमधून वाढवलेल्या जंतूंचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं की ते पहिल्या औषधाला दाद देत नव्हते. त्यांनी औषध बदललं. त्याच दुपारी पोरीनं झटापटीत हातातली सुई उपसून टाकली आणि पाय पलंगाच्या दांड्यावर आपटता आपटता राहिला. सिस्टरनं मला सांगितलं, ताई, जिचं ऐकते तिला आणा, नाहीतर केलेलं सगळं वाया जाईल.

मी पास गळ्यातून काढला. खाली डबा घेऊन आलेल्या जावेच्या हातात तो दिला आणि बाकावर बसले. थोड्या वेळानं राहवेना म्हणून सिस्टरला विनवून वर जाऊन दारातून पाहिलं. जाऊ पलंगावर मांडी घालून बसली होती. दुखरा पाय तिनं दोन्ही हातांनी असा धरला होता की तो हलणारच नाही, आणि ती कन्नडमध्ये काहीबाही सांगत होती. सुई लागत होती तरी पोरगी छताकडे बघत हसत होती. मी दारातून मागं फिरले. पोरीच्या तोंडावर हसू होतं याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. औषध बदललं म्हणून उतरला, डॉक्टरांनी तसं सांगितलंही. पण सासूबाईंनी फोनवरून मंद्रूपपर्यंत कळवून टाकलं: धाकटी आत गेली आन् ताप पळाला, लई चांगला पायगुण तिचा. शेजारच्या पलंगावर पाय मोडलेल्या नातवाजवळ बसलेल्या एका म्हातारीनं ते लेकीकडून ऐकलं आणि मी पास बदलायला वर गेले तेव्हा माझ्यादेखत जावेला म्हणाली, बाई, माझ्या कमरेवर जरा पाय लाव की. हाडांच्या हॉस्पिटलात! जावेनं पाय झटकन साडीखाली ओढून घेतले. नको मावशी, डॉक्टर हायत की हितं, त्यांनाच दाखवा, म्हणाली. मला वाटलं, आता विनयसुद्धा दाखवायला लागली.

घरी आल्यावर माझी आणखी पंचाईत झाली. प्लास्टरचा पाय घेऊन पोरीला जिना चढता येईना, म्हणून तिचा पलंग खालीच पडला, जावेच्या घरात. पाय माझ्यामुळे वाचला असं डॉक्टर म्हणत होते, आणि पोरगी राहायला तिच्याकडे! मी ऑफिसातून आले की पिशवी घेऊन खालीच जायचे, सतरंजीवर झोपायचे. माझ्याच घरात मी पाहुणी. गोळ्यांच्या वेळा जावेला पाठ झाल्या, जखम कोरडी कशी ठेवायची ते तिला कळलं, टेकू धरून चालायला तिनं शिकवलं. मी शिकवायला गेले की लेक म्हणायची, असं नाही, अव्वा धरते तसं धर.

रविवारी लोक येतच होते. पण जावेनं पाय लावणं बंद केलं. दारातूनच सांगायची, आता करत न्हाय, डॉक्टरला दाखवा. आमचे साहेब कंबर धरून आले आणि तसेच परत गेले. सोमवारी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच तिचे पाय बांधून ठेवलेत. सासूबाईंना ते मुळीच रुचलं नाही. देवानं दिलेला गुण असा घालवू नये म्हणाल्या, आणि त्याचं खापरही माझ्या डोक्यावर फुटलं. मला वाटलं, त्यागाचं नावसुद्धा हिनंच मिळवलं. मी उचलून नेलं त्याला सगळे म्हणाले, आई आहे, नेणारच. हिनं नुसता पाय आवरून घेतला तर गल्लीभर कौतुक.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे काढायला बोलावलं. त्या वर्षात मी पोरीचे पाय किती वेळा जोडून, टाचा भिंतीला टेकवून पाहिले असतील याला गणती नाही. कधी उजवा आखूड वाटायचा, कधी डावा. डॉक्टरांनी दोन्ही पायांचे एक्स-रे उजेडावर लावले, पट्टीनं मोजले आणि म्हणाले, सारखे आहेत. वाढीची जागा शाबूत आहे. पळू दे हिला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी नुसती मान हलवून बाहेर आले.

घरी पोचलो तर जाऊ पायरीवर वाट बघत बसली होती. "सारखे?" तिनं विचारलं. सारखे, मी म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी आई, माझ्या डोळ्यांत टिपूस नाही, आणि हिचा पदर भिजला. इथंही हिनं माझ्या आधी नंबर लावला, असं मनात आलं. लेक तोवर चपला भिरकावून तिच्या दोन्ही मुलांबरोबर गल्लीत पळाली होती. मी जावेच्या शेजारी पायरीवर बसले, कारण आता वर जाऊन करायचं काय?

ती रडायची थांबली, नाक पुसलं आणि म्हणाली, "अक्का, त्या दिवशी पोरीला उचलून नेलंत ते माझ्यावर जळून की?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. आईला कळतं बाई असं, हे वाक्य वर्षभरात माझ्या तोंडात चांगलं बसलं होतं. पण तिनं थेट विचारलं होतं. "हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मला तवाच कळलं हुतं. लई राग आलता तुमचा. वाटी फेकून मारावी वाटली." आमच्या एवढ्या वर्षांत ती माझ्यावर रागावल्याचं मला पहिल्यांदाच कळत होतं. मग ती गल्लीकडे बघत राहिली. पोरं एकमेकांना शिवायला धावत होती, धाकटा मागं पडला होता.

"माझ्या दोघांचे पाय बी दुखले हुते की मागं," ती म्हणाली. "दोघांना बी मीच पाय लावला. तेल लावून चांगलं चोळलं. सगळी बघत बसली हुती, सासूबाई, हे, तुमी बी. ती लचकच निघाली म्हनून निभावलं. पन हिच्यासारखं असतं तर अक्का, मला कोन अडवलं असतं?"

त्या दोन्ही वेळा मी तिथंच होते, चहाचा कप हातात घेऊन. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा तो कप खाली ठेवावा असं मला वाटलंच नव्हतं. तिच्या पोरांवरून मी तिच्यावर कधी जळलेच नव्हते.